लाल शाईची रेघ
लाल शाईचा वास आला की शुक्रवार पेठेतली ती शाळा आठवते. मी तिथं नवा मास्तर, आणि हेडमास्तर माझेच जुने गुरुजी. इंग्रजी व्याकरणाच्या पेपरात मी लिहिलं होतं, ‘शक्य असेल तिथे वाक्याचा प्रयोग बदला.’ त्यांनी ‘शक्य असेल तिथे’ लाल शाईनं खोडलं. म्हणाले, “अरे, पोरं पळवाट काढतात.” मग परीक्षेच्या दिवशी तापलेल्या पत्र्याखाली पोरं कर्मणी प्रयोग होतच नाही अशी वाक्यंही रडकुंडीला येऊन बदलत बसली. निम्मा वर्ग नापास झाला. इन्स्पेक्टरसाहेबांनी विचारलं, “हा प्रश्न कुणी काढला?” एरवी मला अरे-तुरे करणारे गुरुजी म्हणाले, “ह्यांनी. नवीन आहेत अजून.” खोडलेला कागद माझ्या कोटाच्या खिशातच होता. मी तो काढला नाही. मला इंग्रजी त्यांनीच शिकवलं होतं. आजही माझं लिहिलेलं कुणी खोडलं, की मी शेजारी सही मागतो.