विरघळत नाहीत ते

दादाने अण्णांच्या, आमच्या वडिलांच्या, गोळ्या बंद केल्या होत्या. मला कुणी कळवलं नाही. मी पुण्याहून नाशिक रोडच्या घरी पोहोचले तेव्हा अण्णा खुर्चीत लाकडासारखे ताठ बसलेले, हनुवटीवरून लाळ गळतेय. हात लावला तर अंगात सणसणून ताप.

"गोळ्या कुठायत?" मी वहिनीला विचारलं. ती आत जाऊन भांडी आपटू लागली.

दादाचा लासलगावला कांद्याचा व्यापार. तो आला, चपलाही न काढता त्याने बाटली माझ्यापुढे धरली. मार्केटमधल्या कुणीतरी दिलेला काढा.

"मेंदूतल्या गाठी विरघळतात याने. तूच म्हणालीस ना, गाठी होतात?"

म्हणाले होते. अण्णांना पार्किन्सन्स आहे हे कळलं तेव्हा. माझं कामच ते. प्रयोगशाळेत मी त्या गाठींमधलं प्रथिन ढवळत ठेवते. त्याची घडी चुकते आणि त्याचे रेणू एकमेकांना चिकटून पुंजके होतात. काही पुंजके साबणासारख्या रसायनात लगेच सुटतात. काही त्याच प्रथिनाचे असतात, नुसती घडी वेगळी, पण हटत नाहीत. या हट्टी पुंजक्यांमागे माझी उमेदीची वर्षं गेली, आणि हा बाटली हलवून दाखवत होता.

"मग तू का नाही विरघळवत?" दादा म्हणाला. "एवढी शिकलीस. लोक मला विचारतात."

"ज्याने ते विरघळतात त्याने आधी मेंदू जाईल. अर्धवट तुटले तर त्यांचे तुकडे आणखी प्रथिन ओढून घेतात. आणि गोळी गाठींसाठी नव्हतीच. हातपाय हलावेत म्हणून होती. तीच तू एकदम तोडलीस, त्यानेच ते असे ताठले आणि ताप चढला."

"तू पाहुणी म्हणून येतेस आणि शिकवून जातेस. त्यांचं हगलंमुतलं मी काढतो."

हे खरं होतं, म्हणून मला जास्तच संताप आला. मी बाटली हिसकावली आणि बेसिनमध्ये ओतली. त्याने माझं मनगट पिरगाळलं.

तेवढ्यात अण्णा जड जिभेने बोलले. "ही बाई कोण? हिला हाकला."

दादा हसला. ते हसणं मी त्याला माफ केलेलं नाही.

अॅम्ब्युलन्स मीच बोलावली. दवाखान्यात नाकातल्या नळीतून गोळ्या परत सुरू झाल्या. ताप उतरला, अंग हळूहळू सैल पडलं. नळी निघाल्यावर मी पेजेचा चमचा पुढे केला, तर अण्णांनी तो हाताने उडवला. "विष घालते," त्यांनी नर्सला सांगितलं. दादाने वाटी माझ्या हातातून घेतली. त्याच्या हातून त्यांनी सगळी पेज खाल्ली. मी कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिले.

आता तो गोळ्या वेळेवर देतो. माझ्याशी बोलत नाही. मी फोन केला की वहिनीकडे देतो आणि मागून ओरडतो, "सांग तिला, दिल्या म्हणून!"