सात ठिकाणांची दवंडी

हुणसेकुंटीत कुणाविषयी काही जाणून घ्यायचं असेल तर सांगव्वाच्या हॉटेलात चुरमुऱ्यांचं गिरमिट मागवावं आणि ते संपेपर्यंत आपलं तोंड दुसऱ्या कामाला लावू नये. हायस्कुलात इतिहास शिकवायला कुरडगी मास्तर आले, त्या वर्षीची कुजबुज तिथलीच. मास्तर म्हणे स्वतः दहावीला इतिहासातच गटांगळ्या खाऊन आलेत. दोन दिवसांत कुजबुजीला शेपूट फुटलं. कुणी सांगितलं, त्यांनी शिक्षकाची पदवी हुबळीत एक दुभती म्हैस देऊन मिळवली आहे. सांगव्वाला पदवीशी काही देणंघेणं नव्हतं. म्हैस किती दूध द्यायची, एवढंच ती ज्याला त्याला विचारत राहिली.

मी त्या शाळेत एकतीस वर्षं कारकून होतो. मास्तर रुजू झाल्याची नोंद माझ्याच हातची. चाळिशीला टेकलेला, उंच, जरा पोक काढून चालणारा माणूस. ऊन असो, पाऊस असो, काखेत छत्री. ती उघडलेली कुणी पाहिली नाही. पूर्वी गदगला सायकलच्या दुकानात दोन वर्षं पंक्चर काढली, हे ते न विचारता सांगत. बोलता बोलता मध्येच थांबून समोरच्याच्या डोळ्यांत बघायची त्यांना खोड होती. बायकांनी त्याचा भलताच अर्थ लावला होता. खरं म्हणजे समोरचं माणूस ऐकतंय की पेंगतंय, एवढंच ते बघत असत.

त्यांच्या आधी इतिहास म्हणजे आमच्याकडे एक वही होती. आधीचे मास्तर ती वाचायचे आणि मुलं लिहून घ्यायची. वहीच्या कडा उंदरांनी कुरतडल्या होत्या. जिथे ओळ अर्धी खाल्लेली असे तिथे मास्तर खाकरायचे, आणि मुलं तिथे टिंबं देऊन पुढे जायची. एका राजाचा मृत्यू आमच्या शाळेत वीस वर्षं अशा टिंबांतच झाला. हेडमास्तर नाडगौडांना ही पद्धत पसंत होती. निकाल निम्मा लागायचा, पण तक्रार एकही यायची नाही.

कुरडगी मास्तरांनी ती वही पहिल्याच आठवड्यात फडक्यात बांधून कपाटात ठेवली आणि किल्ली माझ्याकडे दिली.

पगारबिलांसाठी मी एकदा रविवारी शाळेत गेलो होतो. नववीच्या रिकाम्या वर्गात कुणी मोठ्यानं वाचत असल्याचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर मास्तर शेवटच्या बाकावर एकटेच बसून धडा वाचत होते आणि मधूनच लाल पेन्सिलीनं खुणा करत होते. मास्तर भुतांची शिकवणी घेतात, हे मी संध्याकाळपर्यंत चार घरी पोचवलं. नंतर मात्र राहवेना. एकदा त्यांच्या टेबलावरची वही उघडून पाहिली. एका धड्याला एक पान, आणि प्रत्येक पानावर तीन-चार ठिकाणी लाल अक्षरांत लिहिलेलं: इथे झोप.

"हे काय हो मास्तर? झोपेचं वेळापत्रक?"

"अंगडीअण्णा, धडा कुठे मरतो ते फळ्याजवळ उभं राहून कळत नाही. शेवटच्या बाकावर बसावं लागतं. तिथं माझे डोळे जड झाले की मी खूण करतो. मग त्या जागी काहीतरी जिवंत ठेवायचं."

जिवंत म्हणजे खरोखरच जिवंत, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. धडा विजयनगरचा. अरबस्तानातून जहाजांनी घोडे यायचे आणि राजा ते विकत घ्यायचा, या ओळीखाली लाल खूण होती. म्हणून तिम्मण्णा परटाचं गाढव वर्गात आलं. अर्धी मुलं अरबी व्यापारी झाली, अर्धी राजाची माणसं. राजाच्या माणसांनी गाढवाचे दात मोजले आणि घोडा म्हातारा आहे म्हणून नाक मुरडलं. व्यापाऱ्यांनी समुद्रातल्या वादळाचं रडगाणं गायलं. गाढवानं तेवढ्यात माझ्या हजेरीपटातला ऑगस्ट महिना खाल्ला. सहामाहीत घोड्यांवरचा प्रश्न एकाही मुलानं सोडला नाही. नाडगौडांनी मास्तरांना खोलीत बोलावून बजावलं, गावातून एक जरी तक्रार आली तरी बदलीसाठी वर लिहीन. आणि बदली झाली की दुसऱ्या दिवशी जुनी वही कपाटातून बाहेर निघणार, हे मास्तरांना ठाऊक होतं. नववीच्या बेचाळीस पोरांनाही ठाऊक होतं. किल्ली माझ्याकडे असल्यामुळे ती मला वाटेत गाठून विचारत, "अण्णा, किल्ली हरवता येणार नाही का?"

मग आला मिठाचा धडा.

ब्रिटिश सरकारनं मिठावर कर लावला आणि देश पेटला. मुलांना यात पेटण्यासारखं काही दिसेना. मीठ दीड-दोन रुपये किलो. दुकानदार तर वर मूठभर तसंच टाकतो. एवढ्यासाठी तुरुंगात कोण जाईल? मास्तरांनी त्या पानावर दोनदा लाल खूण केली, आणि शनिवारी दुर्गप्पाच्या घरी गेले.

दुर्गप्पा आमच्या गावचा दवंडीवाला. पंचायतीची घरपट्टी, जनावरांच्या लसी, हरवलेली शेळी, जे काही असेल ते हलगी वाजवून तोच सांगायचा. हुणसेकुंटीत वर्तमानपत्र खोटं ठरायचं, रेडिओ खोटा ठरायचा, पण दुर्गप्पाची दवंडी कधी खोटी ठरली नव्हती. त्याची नात नीलव्वा नववीत होती. पोरगी हुशार, पण वर्गात तिचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. आजोबाची हलगी वाजली की ही खाली मान घालून दुसऱ्या गल्लीनं जायची. पोरं तिला हलगी म्हणूनच चिडवत.

मास्तरांची मागणी साधी होती. सोमवारी शाळेच्या आवारात हलगी वाजवायची आणि नीलव्वानं जुन्या काळच्या सरकारचा हुकूम वाचायचा. दुर्गप्पा तयार झाला. नीलव्वा कशी तयार झाली ते मला आजवर कळलेलं नाही. एवढं ऐकलं की मास्तर तिला म्हणाले, "हे काम वर्गात दुसऱ्या कुणाला जमणार नाही. मला तर नाहीच."

सोमवारी सकाळी हलगी कडाडली आणि ती पोरगी उभी राहिली. छातीत एवढा आवाज कुठे दडवून ठेवला होता कुणास ठाऊक. "ऐका हो ऐका. आजपासून मीठ सरकारच्या मालकीचं. घरी मीठ कराल तर दंड, साठवाल तर दंड. मिठावर कर बसलाय हो." नाडगौडासुद्धा दारात येऊन उभे राहिले. मुलांच्या अंगावर काटा आला. मास्तरांनी समाधानानं छत्री या काखेतून त्या काखेत घेतली.

इथवर सगळं ठरल्याप्रमाणे झालं. पण दुर्गप्पाचा एक नेम मास्तरांना माहीत नव्हता. आमच्या गावची दवंडी सात ठिकाणी होते. पहिल्या ठिकाणी हलगीवर टिपरू पडलं की सातही ठिकाणं पुरी करायची. अर्धी सोडली तर गावाला अरिष्ट. दुर्गप्पाच्या आजानंही ती कधी अर्धी सोडली नव्हती. म्हातारा नातीचा हात धरून फाटकाबाहेर पडला. मास्तर मागून "अहो अज्जा, थांबा" म्हणत धावले. हलगीपुढे कुणाचं काय ऐकू येणार? शिवाय मागे बेचाळीस पोरं, आनंदानं ओरडत.

हनुमंताच्या देवळापुढे झाली, विहिरीवर झाली, सांगव्वाच्या हॉटेलापुढे झाली. "जुन्या काळची गोष्ट" हे शब्द हुकुमात नव्हतेच. दुपारच्या आत दोन दुकानांतलं मीठ संपलं. तिसऱ्या दुकानदारानं फळ्या लावून घेतल्या आणि मागच्या दारानं पंचायतीच्या चेअरमन रुद्रगौडांना अख्खं पोतं पोचवलं. माझ्या बायकोनं पाच किलो आणलं आणि पाहुण्यांच्या गादीखाली लपवलं. सांगव्वानं त्या दिवशी आमटी अळणी केली आणि कुणी बोललं तर "सरकारला विचारा" म्हणाली. संध्याकाळी मास्तर दारोदार हात जोडून फिरले, तेव्हा गावाला उमगलं. हसली ती माणसं थोडी. ज्यानं जास्त मीठ घेतलं होतं त्याला राग जास्त आला. रुद्रगौडांनी तक्रार लिहिली: गावाची फसवणूक, सरकारच्या नावानं खोटा हुकूम, आणि शेवटचं कलम असं, की हा शिक्षक स्वतः इतिहासात नापास आहे असं गावात बोललं जातं. नाडगौडांनी ती त्याच टपालानं तालुक्याला पाठवली.

पुढच्या गुरुवारी शिक्षणाधिकारी हडगलीबाई जीपनं आल्या. चष्म्यावरून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आधी माझ्याकडे मास्तरांची फाइल मागितली. मी काढून दिली. त्यांनी शेवटून दुसरा कागद पाहिला, फाइल मिटली आणि काखेत घेऊन नववीच्या वर्गात गेल्या. मागे रुद्रगौडा, नाडगौडा आणि मी. मास्तर फळ्याजवळ उभे होते. त्यांचा चेहरा, पंक्चर सापडत नसलं की माणसाचा होतो तसा.

बाईंनी कुणाची चौकशी केली नाही. मुलांना एकच विचारलं, "मिठासाठी लोक तुरुंगात का गेले?"

मग शेवटच्या बाकावरून नीलव्वा उठली.

"मॅडम, परवा आमच्या आजीनं मीठ घेतलं तेव्हा भाव विचारला नाही. आमची आजी कोथिंबिरीच्या काडीचासुद्धा भाव करते. चेअरमन अज्जांनी पोतं घेतलं, त्यांनीही विचारला नसणार. ज्याचा भाव कुणी विचारत बसत नाही, त्याच्यावर कर बसवला की कुणीच सुटत नाही, गरीबसुद्धा नाही. म्हणून गेले."

रुद्रगौडांनी धोतराचा सोगा उगाच सारखा केला. हडगलीबाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "विचारला होता का हो भाव?"

"घाईत राहिला," चेअरमन म्हणाले. त्यांची बायको पुढची दोन वर्षं येईल त्याला लोणचं वाटत होती.

बाईंनी ताकीद लेखी दिली. दवंडी शाळेच्या आवाराबाहेर नेऊ नये. बदलीचा कागद लिहिलाच नाही. जाताना त्यांनी मास्तरांची लाल खुणांची वही मागून घेतली आणि जीपमध्ये बसून बराच वेळ चाळली. तालुक्यातल्या इतिहासाच्या सगळ्या शिक्षकांना महिन्यातून एकदा रिकाम्या वर्गात शेवटच्या बाकावर बसवायचं, असं त्यांनी पुढे सुरू केलं. शिक्षकांनी त्यांना मनापासून शिव्या दिल्या. बसले मात्र.

दुर्गप्पाला ताकीद मान्य नव्हती. एका जागी दवंडी त्याच्यानं होणार नव्हती. मग मास्तरांनी आवारातच चुन्यानं सात गोल आखले: फाटक, नळ, चिंच, ध्वजाचा कट्टा, मुलींच्या संडासाचा कोपरा, माझी खिडकी आणि नाडगौडांचं दार. म्हाताऱ्यानं एकेक गोल पायानं चाचपून पाहिला आणि चालेल म्हणाला. त्यानंतर दरवर्षी फाळणीपासून भाषावार राज्यांपर्यंतची सगळी वार्ता आमच्या शाळेत हलगीवर कळायची. म्हातारा थकल्यावर नीलव्वा स्वतः वाजवू लागली. कॉलेजात गेली तरी धड्याच्या दिवशी यायची. आता ती कोप्पळकडे इतिहासच शिकवते, आणि हलगी तिच्या वर्गात भिंतीवर टांगलेली असते.

जुनी वही अजून फडक्यातच असेल. किल्ली मी निवृत्तीच्या दिवशी विहिरीत टाकली.

राहिली ती कुजबुज. म्हैस खोटी. कुरडगी मास्तर दहावीला दोनदा नापास झाले होते, दोन्ही वेळा इतिहासाच्या पेपरात. एकदा सव्वीस गुण, एकदा एकोणतीस. तिसऱ्या वेळी पस्तीस मिळवून सुटले. ती गुणपत्रिका फाइलमध्ये शेवटून दुसरी होती, आणि सांगव्वाच्या हॉटेलात ते मीच सांगितलं होतं.