अर्थिंगला पाणी

चहा घ्या आधी. पुढं मी जे सांगणार आहे ते ऐकून तोंडाची चव जाईल, म्हणून गरम आहे तोवर घ्या. आपल्या पायावर कुऱ्हाड मारून घेणारी माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. मी अख्ख्या वस्तीच्या पायावर मारली! तीही कशासाठी? तर कुणाला इजा होऊ नये म्हणून!

मिरजगावपासून जरा आत आमची वस्ती, दहा-बारा घरांची. विहिरीवर मी नवी मोटार बसवली आणि पहिल्याच पावसाळ्यात माझा बैल तिला नाक लावायला गेला, तो तिथंच आडवा झाला. मोटारीच्या लोखंडात करंट उतरला होता. फार गुणाचं जित्राब होतं हो. आणि मग माझ्या मनानं घेतलं, की आता पुढचा नंबर आपला! मी मुळातच भित्रा. वाईट काय होईल ते मला आधीच दिसतं, आणि चांगलं झालेलं असलं तरी दिसत नाही.

माझा मेव्हणा पुण्याला एका कारखान्यात वायरमन होता. त्याला माझी दया आली. येताना तो एक काळा डबा घेऊन आला आणि मोटारीच्या स्टार्टरशेजारी ठोकला.

"दाजी, मोटारीच्या अंगात करंट उतरला, की ह्यो डबा खट्ट करून लाईन तोडतो. मानूस मरत न्हाई."

"आन् डबाच बिघडला तर?"

"म्हनून तर हे बटन हाय. रोज दाबायचं. खट्ट झालं, की डबा शाबूत. पर त्याची तार ह्या खड्ड्यात गेलीया, त्याला अर्थिंग म्हनत्यात. मीठ-कोळसा घातलाय. खड्डा वला ऱ्हायला पायजे. सुकला, की डबा निस्ता शोभंला!"

झालं! रोज सकाळी खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतायचं, बटण दाबायचं, खट्ट ऐकायचं आणि मगच न्याहारी. लोक देवाला जातात, मी खड्ड्याला जायचो.

आणि मग आला बहात्तरचा दुष्काळ.

विहीर तळाला गेली. गुरं छावणीत, निम्मी वस्ती खडी फोडायला. दिवसाआड टँकर यायचा, त्यातून घरटी जे काय मिळेल त्यात प्यायचं, शिजवायचं, उरलंच तर तोंड धुवायचं. आणि मी? मी त्यातलं तांब्याभर पाणी खड्ड्याला पाजत होतो! जमीनच इतकी तहानलेली, की पुढं तांब्यानं खट्ट वाजेना. मग मी दोन ओतायला लागलो.

"अवो," बायको म्हणाली, "विहिरीत पानी न्हाई, मोटार बंद हाय. बंद मोटार कुनाला धक्का देनार?"

"उद्या पाऊस पडला, विहिरीला पानी आलं, आन् डबा झोपल्याला असला तर?"

ती रिकामा हंडा उचलून आत गेली. बायको भांडायची थांबली, की समजावं घरात खरंच वाईट चाललंय. मला वाटलं, पटलं तिला!

अशात शेजारच्या वस्तीवरच्या कुणीतरी मला पाणी ओतताना बघितलं. आता तुम्हीच सांगा, असल्या दुष्काळात जो माणूस मातीत पाणी ओततो, त्याच्याकडं पाणी किती असेल? संध्याकाळपर्यंत मी गुपचूप बोअर घेतला होता. दुसऱ्या दिवशी त्या बोअरला मनगटाएवढी धार होती. मग बातमी तालुक्याला पोचली, वस्तीला स्वतःचं पाणी आहे म्हणून. आणि आमचा टँकर बंद झाला!

शेजारच्या सखूकाकू ओढ्यात झिरा उकरून वाटी-वाटी पाणी भरायच्या. म्हातारं माणूस, गुडघे गेलेले. एक दिवस माझ्या दारात येऊन बसल्या.

"आरं ज्ञानबा, तुजा बोअर दाखव तरी. मरायच्या आदी एक घोट पिते."

"काकू, आईशप्पत बोअर न्हाई!"

"मंग खड्ड्यात वतत हुतास ते काय, तूप?"

शेवटी आमच्या विनवण्यांनी सर्कलसाहेब चौकशीला आले. सगळी वस्ती रिकामे हंडे घेऊन विहिरीवर गोळा झाली. साहेबांनी विहिरीत वाकून बघितलं. तळाला भेगा. त्यांचाही चेहरा उतरला.

"विहीर कोरडीच आहे. पण बोअरची तक्रार आहे. मोटार त्याला जोडलेली नाही ना, एकदा चालू करून दाखवा. पाइपातून पाणी आलं नाही, की उद्यापासून टँकर."

एवढंच! स्टार्टर दाबायचा, बस्स. पण सखूकाकू पाइपाला धरून उभ्या होत्या. टँकर बंद झाल्यापासून खड्डा सुकलेला. मी आधी डब्याचं बटण दाबलं. खट्ट नाही! पुन्हा दाबलं. नाही! माझ्या डोळ्यांपुढं बैल उभा राहिला, आणि बैलाच्या जागी काकू.

तेवढ्यात बायको साहेबांसाठी तांब्या घेऊन आली. दारी आलेल्या माणसाला पाण्यावाचून कसं पाठवायचं? तीन घरं फिरून, घोट-घोट मागून, फडक्यानं गाळून आणलेलं पाणी ते. साहेबांनी हात पुढं केला.

मध्ये माझा हात आला.

"साहेब, एक मिनिट!"

आणि मी अख्खा तांब्या खड्ड्यात ओतला. बटण दाबलं. खट्ट! काय खणखणीत वाजलं हो!

"आता बिनघोर हात लावा!" म्हणत मी हसत मागं वळलो.

कुणीच हसत नव्हतं. साहेबांचा हात अजून तसाच पुढं होता. त्यांनी खड्ड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"असं आहे होय!" म्हणाले आणि सायकलवर टांग टाकली.

"साहेब, मोटार तर बघा! कोरडी हाय!"

"दिसलं मला सगळं."

पुढं कितीतरी दिवस टँकर आला नाही. बाया ओढ्याला जात राहिल्या. मला कुणी शिवी दिली नाही, त्याचंच जास्त लागलं. मोठ्या माणसांनी तालुक्याला खेटे घातले, हातापाया पडले, तेव्हा कुठं टँकर पुन्हा सुरू झाला.

पण तेव्हापासून वस्तीनं एक नियम केला. लांबून टँकरचा हॉर्न ऐकू आला, की आधी मला घरात घालायचं आणि बाहेरून कडी लावायची. शेवटचा हंडा घरी पोचेपर्यंत उघडायची नाही.

कडी लावायला दुसरं कुणी यावं लागत नव्हतं. बायकोच लावायची. आणि लागली का नीट, म्हणून दोनदा ओढून बघायची.