शेवटचा चेंडू सांगायचा राहिला

आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, कोलंबोला मॅच बघायला न्यायचं ठरलं, तेव्हा घरात वाद झाला तो फक्त ट्रान्झिस्टरवरून. आबांनी तो धुवट टॉवेलात गुंडाळून पिशवीत सगळ्यात वर ठेवला होता. मी काढला.

"आबा, समोर मॅच असताना रेडिओ कशाला? आणि तिथं आपलं स्टेशन लागणार पण नाही."

"राहू दे ना. काय खातोय का तो?"

"विमानतळावर उघडून बघत बसतील."

आई धपाटे बांधत होती. ती म्हणाली, "नेऊ दे त्यांला. नाहीतर असं करा, तिथं तो बोलणारा मानूसच गाठा एकदा. इतकी वर्षं नुसता बोलतोय, एकदा घरी चहाला बोलवा."

आबा हसले, पण ट्रान्झिस्टरकडे बघत राहिले. मी तो फळीवर ठेवला आणि पिशवीची चेन लावली. शिकलेला मुलगा म्हणून प्रवासातलं आपल्याला जास्त कळतं, असं मला वाटत होतं.

फुलंब्रीच्या पुढं आमचं गाव. आबांनी जन्मभर मेंढरं राखली. माळावर दिवसभर सोबत कोण, तर गळ्यात अडकवलेला तो ट्रान्झिस्टर. क्रिकेट त्यांनी कधी खेळलं नाही, पण ऐकलं इतकं की पहिल्या षटकातच ते सांगायचे, आज हा गडी टिकत नाही. मी सुटीच्या दिवशी त्यांच्याबरोबर जायचो. रेडिओवर थोडा वेळ हिंदी आणि थोडा वेळ इंग्रजी असं आलटून पालटून चालायचं. इंग्रजी सुरू झालं की आबा ट्रान्झिस्टर माझ्या कानाला लावायचे आणि विचारायचे, "काय म्हणतोय?" मी जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो. मला आकडे तेवढे कळायचे. मी धावसंख्या सांगायचो. आबा शेजारच्या मेंढपाळाला अभिमानानं म्हणायचे, "पोराला इंग्रजी कळतं." त्या आकड्यांच्या जोरावर त्यांनी ठरवलं की हा मेंढरांमागं जाणार नाही. मी शहरात शिकलो, घरातला पहिला पदवीधर झालो, सरकारी कार्यालयात लागलो, मुकुंदवाडीत घर केलं. हे सगळं कुठून सुरू झालं ते मला पक्कं माहीत आहे. म्हणून पहिल्यांदा देशाबाहेर जायचं ठरवलं तेव्हा माझ्या मनात एकच होतं. ज्या माणसानं चाळीस वर्षं मॅच ऐकली, त्याला ती एकदा डोळ्यांनी बघायला मिळावी.

खरं सांगायचं तर मलाही बघायची होती. मीसुद्धा तोवर टीव्हीवरच बघत आलो होतो.

एक गोष्ट मात्र मला आधीच कळायला हवी होती. घरात टीव्ही येऊन कितीतरी वर्षं झाली, तरी मॅच लागली की आबा ओसरीवर बाजेवर पडायचे आणि आतला आवाज ऐकायचे. मला वाटायचं, वय झालं, पाठ दुखत असेल.

मॅच दिवसाची होती. धोतर, पांढरी टोपी आणि वरून निळी जर्सी अशा वेशात आबा स्टेडियमच्या पायऱ्या चढले आणि वर आल्यावर थांबले. समोर ते हिरवंगार मैदान. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. या क्षणासाठीच तर आलो होतो. आबा म्हणाले, "चारा लई हाय की." मग खाली बसले. आमच्या मागच्या रांगेत पुण्याची पाच-सहा मुलं होती. कंपनीत नोकरीला, दरवर्षी संघामागं कुठल्या तरी देशात जाणारी. त्यांनी आबांबरोबर फोटो काढले. आबांनी सगळ्यांना धपाटे दिले. इथवर सगळं छान चाललं होतं.

खेळ सुरू झाला. दोन-तीन षटकं झाल्यावर आबांनी माझ्या कोपराला हात लावला.

"काय झालं?"

"काही नाही, एक धाव काढली."

पुढच्या चेंडूला परत, "काय झालं?"

"सोडला त्यानं."

"कामून सोडला?"

"बाहेरचा होता, आबा. दिसला नाही का तुम्हाला?"

"कुठं बघायचं तेच कळंना."

मला वाटलं, यांचे डोळेच अधू झालेत. मोतीबिंदू असणार, आणि आपण डोळे तपासायच्या आधी विमानात बसवलं. मी त्यांना समोरच्या दिव्यांच्या खांबावर काय आहे ते विचारलं. "कावळा. आन् खाली एक मानूस दोरी गुंडाळून राह्यला." मला कावळा दिसला, माणूस दिसायला वेळ लागला. डोळे उत्तम होते. मेंढपाळाचे डोळे, टेकडीपलीकडची मेंढी ओळखणारे. अडचण वेगळीच होती. त्यांच्या मॅचमध्ये कोणीतरी सांगायचं, आणि मग ती घडायची. इथं पन्नास गोष्टी एकदम घडत होत्या आणि कोणी काही सांगत नव्हतं. मैदानावर चेंडू पडत होता, लोक ओरडत होते, आणि आबांच्या दृष्टीनं सगळं मुकं होतं.

मी मोबाइल काढला. हिंदी समालोचन शोधून काढलं आणि हेडफोन त्यांच्या कानात घातले. आबांचा चेहरा खुलला. त्यांनी मांडी घातली. मी मैदानाकडे वळलो.

ते समालोचन इंटरनेटवरून येत होतं, म्हणून उशिरा. अर्धा-एक मिनिट तरी मागं. आमच्या क्षेत्ररक्षकानं झेप घेऊन चौकार अडवला, सगळे उठले, नाचले, बसले, पुढचा चेंडूही पडला, आणि मग आबांनी एकट्यानं टाळ्या वाजवल्या. मागची मुलं हसली. एक म्हणाला, "काका, आमचं लाइव्ह चालू आहे, तुमचं रिपीट टेलिकास्ट."

आबा गोड हसले. त्यांना वाटलं, पोरं खूश आहेत.

मग श्रीलंकेचा भरवशाचा फलंदाज बाद झाला. त्यांच्या लोकांच्या ढोल-तुताऱ्या एकदम बंद पडल्या. आमच्या भागात सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. आणि मधोमध आबा, डोक्याला हात लावून, "आरं, आज शंभर करतंय हे पोरगं." त्यांच्या कानात तो अजून खेळत होता. मला त्यांना सांगवेना. फलंदाज बॅट काखेत मारून सीमारेषेपर्यंत पोचला तेव्हा आबांच्या कानात तो बाद झाला. त्यांनी मैदानाकडे बघितलं, लोकांकडे बघितलं आणि हेडफोन काढून माझ्या मांडीवर ठेवले.

"हे मागून सांगतंय. ह्याचं काय खरं नाय. तू सांग."

"मी काय सांगू?"

"लहानपणी सांगत व्हतास ना."

मग मी सांगायला लागलो. "गोलंदाज धावत निघाला. चेंडू टाकला. मारला. एक धाव."

"असं नाय," आबा म्हणाले. "कुठून निघाला ते सांग. फिल्डर कुठं कुठं हायेत ते सांग आधी. हवा कशी हाय? तो सांगत असतोय."

"हवा तुम्हाला लागतेय की, आबा."

"तू सांग."

मी हवा सांगितली. क्षेत्ररचना सांगितली, डावीकडून उजवीकडं, एकेक माणूस. आणि आबांनी डोळे मिटले. पासपोर्ट काढला, दोन विमानं बदलली, उन्हातान्हात रांगेत उभे राहिलो, आणि हा माणूस स्टेडियममध्ये बसून डोळे मिटून घेतोय.

"आबा, डोळे उघडा की."

"उघडल्यावर दिसत नाय."

मला रडावं की भांडावं कळेना. सांगायला लागलं की बघता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. एक चेंडू सांगून होईपर्यंत दुसरा पडलेला असायचा. मी गोलंदाजाकडे बघायचो तर आबा म्हणायचे, दुसऱ्या टोकाचा गडी काय करतोय. मी त्याच्याकडे बघायचो तर इकडे चेंडू टाकून झालेला. शब्द शोधायला मान आबांकडे वळायची, आणि पाठीमागं आरडाओरडा व्हायचा. मागच्या मुलांपैकी एकानं माझ्या खांद्यावर टकटक केलं. "दादा, जरा हळू ना. आम्ही बघतोय मॅच."

"मलाही बघायचीय," मी म्हणालो. माझा आवाज जरा चढलाच होता. आबांनी डोळे न उघडता विचारलं, "ह्याच्यात किती रन झाले?"

श्रीलंकेनं केलेल्या धावा दुसऱ्या डावात आपल्याला गाठायच्या होत्या. माझा घसा बसला. मी शहाळ्याचं पाणी पीत सांगत राहिलो. आबांची तब्येत मात्र बघण्यासारखी होती. ते मधेच हात वर करायचे, मांडीवर थाप मारायचे, एखादा झेल सुटला सांगितलं की "हात्तिच्या" म्हणायचे. आजूबाजूला कोणाचाही दिवस इतका चांगला जात नव्हता. मी त्यांना सुखी करायला आणलं होतं आणि ते सुखी होते. तरी माझा राग जात नव्हता. मला वाटत होतं, हे सुख यांना ओसरीवर फुकट मिळत होतं.

शेवटच्या षटकापर्यंत मॅच गेली. शेवटच्या चेंडूवर चौकार हवा होता. सगळं स्टेडियम उभं राहिलं. आबाही उभे राहिले, डोळे मिटून, माझा दंड धरून. मी सांगितलं, क्षेत्ररक्षक मागं गेले, गोलंदाज चेंडू पुसतोय, निघाला.

आणि मी थांबलो. ठरवून नाही. फलंदाजानं बॅट फिरवली, चेंडू सरळ वर गेला आणि आमच्याच बाजूला यायला लागला. सबंध दिवसात पहिल्यांदा मला चेंडू दिसत होता. उतरत्या उन्हात तो पिवळा झाला होता. एका बाजूनं मळलेला. तो वर जाऊन क्षणभर तिथंच राहिल्यासारखा वाटला, मग खाली आला. सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक पाय मोजत मागं सरकत होता, आमच्यापासून अगदी जवळ. त्याचे ओठ हलत होते. चेंडू त्याच्या हातात पडल्याचा आवाजसुद्धा मी ऐकला.

"बोल की," आबा माझा दंड हलवत होते. "काय झालं? उडाला का? बोल की, लेका."

ढोल सुरू झाले. तुताऱ्या वाजल्या. आबांनी डोळे उघडले. मैदानात आपले दोन्ही गडी खाली बसले होते.

"हरलो?"

"हरलो."

"आन् तू सांगितलं नाय."

मी म्हणालो, "बघत होतो, आबा." आबांनी टोपी काढून झटकली आणि परत घातली. झेल गेला एवढं त्यांना मागच्या पोरांच्या बोलण्यातून कळलं होतं. हॉटेलवर जाताना रिक्षात त्यांनी फक्त एकदा विचारलं, "झेल दोन हातांनी घेतला का एका?" माझा घसा पार गेला होता आणि मनही ठिकाणावर नव्हतं. मी म्हणालो, "उद्या सांगतो." उद्या परतीचं विमान होतं. मुंबईला, तिथून आपल्या चिकलठाण्याच्या विमानतळावर. सांगायचं राहिलं.

त्यानंतरच्या रविवारी मी गावाकडं गेलो तर मारुतीच्या पारावर आबा बसलेले, भोवती बरीच माणसं. आबा मॅच सांगत होते. हवा, क्षेत्ररचना, कोण कुठून धावत आला, कोणत्या गड्यानं कुठं मारला. एक चेंडू चुकत नव्हता. शब्दही माझेच होते, मी दमून कुठं अडखळलो होतो तेही तसंच. मी मागं उभा राहून ऐकत होतो आणि मला त्यातलं बरंचसं नवीन होतं. ती मॅच मी अशी पाहिलीच नव्हती. कार्यालयात लोक विचारायचे, कशी झाली मॅच, तेव्हा मी एकाच झेलाचं वर्णन करून गप्प बसायचो.

आबा शेवटच्या षटकापर्यंत आले. पारावर कोणी हलत नव्हतं. गोलंदाज चेंडू पुसतोय, म्हणाले, निघाला, म्हणाले, आणि थांबले. माझ्याकडं त्यांचं लक्ष गेलं.

"मग, आबा? म्होरं?" कोणीतरी म्हणालं.

"म्होरचं ह्याला इचारा," आबा म्हणाले. "ते ह्यानं एकट्यानंच बघितलं."

सगळे माझ्याकडं वळले. आबांनी पायातल्या वहाणा काढल्या, पाराला पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले.