मॅलकीचे अकरा पॉइंट

मॅलकी गॉर्मलीने आपली पापे कधी एका ठिकाणी साठू दिली नाहीत. गावाच्या मधून नदी जाते. अलीकडे आयर्लंडचे प्रजासत्ताक, पलीकडे उत्तर आयर्लंड. पोलीस दोन तऱ्हेचे आणि वेगाच्या पाट्याही: अलीकडे किलोमीटरच्या, पलीकडे मैलांच्या. मासळीची गाडी हाकताना मॅलकी नेमका वेग वाढेल तोच हिशेब लावी. त्यामुळे उत्तरेच्या दप्तरात त्याच्या नावावर दंडाचे सहा पॉइंट होते, दक्षिणेच्या दप्तरात पाच. बारा झाले की परवाना गेला. पण एका दप्तराची दुसऱ्याला खबर नसे.

"दोन संसार आहेत माझे," तो सांगे, "आणि दोन्ही सुखाचे."

मग पेट्रोल पंपावरची डिम्फ्ना म्हणाली, "ऐकलंस का? सोमवारपासून दोन्हीकडचे पॉइंट एकमेकांना मान्य. सरळ बेरीज."

घरी बायकोने, अट्रॅक्टाने, बोटांवर मोजलं. "अकरा! शाळेत कधी पडले नव्हते रे तुला इतके मार्क. आणखी एक पडला की संपलं. मग मासे काय पोहत जाणार गिऱ्हाइकाकडे?"

मॅलकीला त्या रात्री झोप लागली नाही. पाटी कुठलीही असो, आकडा किलोमीटरचाच धरायचा, अशी त्याने शपथ घेतली.

पुढच्या शुक्रवारी तो पलीकडच्या चाळीस मैलांची पाटी असलेल्या रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटरने निघाला. मागे सात गाड्या तुंबल्या. हॉर्न मात्र एकानेही वाजवला नाही. त्या मुलखात गाड्यांची संथ रांग म्हणजे अंत्ययात्रा, आणि अंत्ययात्रेला कोणी मागे टाकत नाही. मागून येणारे दिवे लावून रांगेत शिरले, समोरून येणारे थांबले, खाटकाने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. सार्जंट हेझलेट कुंपणाआड वेग मोजत दबा धरून बसला होता. मॅलकीच्या सहापैकी तीन पॉइंट त्यानेच दिलेले. त्याने यंत्र गवतात ठेवलं, टोपी काढली आणि मान खाली घालून उभा राहिला.

कोण गेलं असावं, या विचाराने मॅलकीही हळहळला. त्यानेही टोपी काढली.

नेहमीप्रमाणे तो मासे विकायला चर्चसमोर थांबला. मागे तेवीस गाड्या थांबल्या. फादर कीरन्स घाईघाईने बाहेर आले.

"मॅलकी, कोण गेलं रे? मला कसं नाही कळवलं?"

"आत हॅडॉक मासे आहेत, फादर. सगळे पहाटेच गेले."

एवढ्यात हेझलेट धापा टाकत पोचला. "रहदारी अडवलीस! तीन पॉइंट!"

मॅलकीचा चेहरा हॅडॉकसारखा झाला.

"लिहा, सार्जंट, अवश्य लिहा," फादर शांतपणे म्हणाले. "फक्त मासळीला टोपी कोणी काढली, तेही लिहा. दप्तर पूर्ण असावं."

तेवीस गाड्यांतली मंडळी कान देऊन उभी होती. हेझलेटने पेन खिशात घातलं.

"दोन हॅडॉक दे," तो म्हणाला. "मोठे."

शोकाकुल मंडळींनी अर्ध्या तासात गाडी रिकामी केली.

पॉइंट अकराचे अकराच आहेत. बेरीज येत्या सोमवारपासून, असं डिम्फ्ना अजून दर आठवड्याला सांगते. मॅलकी दर शुक्रवारी त्याच चालीने निघतो. लोक आता फसत नाहीत. टोपी मात्र काढतात.