क्लिफर्डच्या तीन न्याहाऱ्या

माझा थोरला भाऊ क्लिफर्ड हा हॅलिफॅक्समधला सगळ्यात निरुपद्रवी माणूस. बसवर तो छत्तीस वर्षं तिकीट तपासनीस होता आणि एवढ्या काळात त्याने एकाही फुकट्याला पकडलं नाही. पकडायचं म्हणजे त्या माणसाला तोंडावर काहीतरी बोलावं लागतं, आणि ते ह्याच्याने होत नसे. कुणाला 'नाही' म्हणायची वेळ आली की ह्याच्या मानेवर लाल चट्टे उठत.

त्याच्या बायकोला, मेव्हिसला, मात्र आमची अख्खी गल्ली टरकून असे. दर जूनमध्ये दोघं गाडी काढून पंधरा दिवस खेडोपाडी भटकत. मी बिनलग्नाचा, त्यामुळे मागच्या सीटवर मी, रबरी बूट आणि चहाचा थर्मास. खोली आधी ठरवायची नाही. चार वाजता ज्या गावात असू तिथे घरांच्या खिडक्यांत 'खोली मिळेल'ची पाटी शोधायची; रात्रीच्या भाड्यात सकाळची न्याहारीही असे. पाटी दिसली की मेव्हिस पर्स सावरत आत जाई, दहा मिनिटांनी बाहेर येई आणि म्हणे, "चालेल. सामान काढा." ती गाद्या दाबून बघते, पडद्यामागची धूळ बघते, असा तिचा लौकिक होता. गल्लीतल्या बायका सुट्टीला निघण्याआधी तिचा सल्ला घ्यायला येत. खोल्या मात्र बऱ्याचदा भिकार निघत. "ह्याहून बरी ह्या भागात मिळणार नाही," असं ती ठासून सांगे आणि आम्ही ओल आलेल्या भिंतीकडे पाठ करून झोपत असू.

त्या वर्षी अशाच एका खोलीत क्लिफर्डच्या अंगावर छताचा पोपडा पडला. केसांतला चुना झटकत तो पुटपुटला, "पलीकडच्या घरात बरी असती कदाचित."

झालं! "मग उद्या तू निवड," मेव्हिस कडाडली. "आणि नाही जमलं, तर पुढच्या वर्षीपासून जूनमध्ये पंधरा दिवस आयव्हीकडे. कायमचं!"

आयव्ही ही तिची बहीण, स्कार्बरोला असते. तिच्याकडे बूट दाराबाहेर काढायचे, खुर्चीत टेकून बसायचं नाही आणि जेवण झाल्यावर तिच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची हकिकत पहिल्यापासून ऐकायची. क्लिफर्ड वर्षभर ह्या पंधरा दिवसांच्या जिवावर जगायचा. तो रात्रभर झोपला नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आम्ही नेदर टॉपली गावात पोचलो. चर्चसमोरच्या हिरवळीभोवती तीन घरांत पाट्या होत्या. क्लिफर्डने टाय नीट केला आणि गेला. आम्ही गाडीत चहा पीत बसलो. पाऊण तासाने तो परत आला. मानेवर चट्टे.

"ठरलं?" मेव्हिसने विचारलं.

"ठरलं."

"कुठल्या घरात?"

त्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "तिन्ही."

"तिन्ही म्हणजे?"

"अगं, पहिल्या घरातल्या मिसेस प्रॉसरकडे चार कुत्री आहेत, त्यातलं एक पलंगावरच होतं. ती म्हणाली, कशी वाटली खोली? आता बाईच्या घरात उभं राहून तिला काय सांगू? म्हटलं, छान आहे. लगेच तिने विचारलं, न्याहारी किती वाजता? तोंडातून निघून गेलं, आठ. मग मिस टकवेलकडे. तिथे गुलाबी नायलॉनच्या चादरी आणि आंघोळीचे अकरा नियम भिंतीवर. तिथे साडेआठ. तिसरी मात्र खरंच छान आहे गं! खिडकीत सफरचंदाची फांदी आलीय. तिथे नऊ. वेळा वेगवेगळ्या ठेवल्यात, म्हणजे पळापळ नको."

माझ्या नाकातून चहा आला.

"बावळटा, बस इथेच," मेव्हिस म्हणाली. "त्या दोघींना नकार देऊन येते. बघ कसं सांगतात ते."

ती गेली ती अर्ध्या तासाने आली. हातात मुरंब्याची बरणी, स्कर्टला कुत्र्याचे केस.

"सांगितलंस?" मी विचारलं.

"तिच्या कुत्र्याचं पोट बिघडलंय," ती म्हणाली आणि तशीच मिस टकवेलकडे गेली. तिथून आली ती स्वेटरचा नमुना घेऊन. "माझ्या अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवलीन् तिने. आता काय बोलणार?"

मग मेव्हिस काचेतून बाहेर बघत म्हणाली, "मी एकदाही गादी दाबून बघितली नाही."

"काय?"

"एकतीस वर्षं. पहिलं दार उघडलं की मला नको म्हणताच यायचं नाही. दहा मिनिटं मी त्यांच्या नातवंडांचे फोटो बघत असे."

मला तिची एकदम दया आली. क्लिफर्ड मात्र तिच्याकडे असा बघत होता, जणू ही बाई आत्ताच गाडीत येऊन बसली.

शेवटी मीच तोड काढली. तीन घरं, तीन माणसं. बाकीची दोघं कुठे, असं आमच्याकडे कुणी विचारत नाही. फार तर भांडण झालं असेल, असं समजतात. कुत्री माझ्या वाट्याला.

तेवढ्यात मेव्हिस सावरली. "ते काही असो, तुलाही जमलं नाहीच. शर्त ती शर्त. घरी गेल्यावर आयव्हीला पत्र टाकते. आणि सफरचंदवाल्या खोलीत तू झोप, तू शोधलीस."

"नाही," क्लिफर्ड म्हणाला.

मला वाटलं, मला भास झाला.

"नाही, मेव्हिस. तिथे तू झोपायचं. नायलॉनमध्ये मी झोपतो. आणि आयव्हीकडे मी येणार नाही. पुढच्या वर्षी नाही आणि कधीच नाही."

मान एवढी लाल झाली होती की चट्टे कुठे संपले ते कळेना, पण त्याने शब्द मागे घेतला नाही. एकतीस वर्षांत त्याने तिला दिलेला तो पहिला नकार. आता हिच्या तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून मी दाराच्या कडीला हात घातला. आणि मेव्हिस, जिला आमची गल्ली टरकून असे, इतकी खूश झाली, तिने त्याचा हात असा काही धरला, की मागच्या सीटवर बसल्या बसल्या मलाच लाज वाटली.