भिंतीवर विहिरीचं पाणी

गंगाधर मास्तरांना शिसारी फार लवकर यायची. पोरं थुंकीनं पाटी पुसायला लागली की ते तोंड फिरवायचे. शाळेच्या कोपऱ्यात तंबाखूची पिंक दिसली की दिवसभर त्या बाजूला फिरकायचे नाहीत. वाईच्या घाटावर रोज धुतलेल्या पंच्यानं अंग पुसत वाढलेला हा माणूस लोकल बोर्डानं उचलून विट्यापलीकडच्या बोरजाईवाडीत आणून टाकला, आणि त्यानं तिथं नाक मुरडत मुरडत सहा वर्षं काढली. गावात त्यांना मागून नाकमुरडे मास्तर म्हणत. मास्तरांना ते ठाऊक होतं आणि त्यात काही खोटं आहे असं त्यांना वाटत नसे.

पण नारूइतकी किळस त्यांना दुसऱ्या कशाचीच नव्हती. उन्हाळा लागला की निम्म्या गावाच्या पायाला फोड यायचा. फोड फुटायचा आणि त्यातून पांढरा दोरा डोकावायचा. तो हातभर लांबीचा किडा अंबूबाई नावाची म्हातारी काडीवर गुंडाळत बसायची, रोज दोन बोटं. जोर लावला की तुटायचा, आणि तुटला की पाय सुजून खांबाएवढा व्हायचा. आगीनं तळमळणारी ती माणसं मग गावातल्या बड्या मळेवाल्या नानासोंच्या पायविहिरीत उतरायची आणि पाण्यात पाय सोडून बसायची. लय गार वाटतं म्हणायची. त्याच पायरीवर शेजारी वाकून दुसरी बाई पिण्याची घागर बुडवायची. हे वरून बघताना मास्तरांना ओकारी यायची. त्यांच्या घरी पत्नी उमाबाई पाणी उकळायच्या, गाळायच्या, झाकून ठेवायच्या, तरी मास्तर पेला तोंडाला लावण्याआधी उजेडात धरून बघत.

चौथीत विजयमाला नावाची मुलगी होती. तिची आई धोंडुबाई नानासोंच्या उसाच्या मळ्यात राबायची आणि लागोपाठ तीन उन्हाळे नारूनं अंथरुणाला खिळली होती. पोर भाकऱ्या थापून, आईचा पाय धुऊन शाळेत यायची, उशिरा यायची, आणि आल्या आल्या कुणाला न सुटलेलं गणित सोडवून मोकळी व्हायची. गाव सुधारेल अशी आशा मास्तरांनी कधीच सोडली होती. या एका पोरीच्या पायातून मात्र तो दोरा निघू नये, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

शाळेत एक मॅजिक लँटर्न, म्हणजे जादूचा कंदील होता. पत्र्याची पेटी, वर धुराडं, पुढं पितळी नळीत भिंग. आत रॉकेलचा दिवा लावायचा, मध्ये काचेवरचं चित्र सरकवायचं आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर ते परातीएवढं मोठं दिसायचं. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेल्या सुभेदार नानासोंनी तो सांगलीहून जुना विकत आणून शाळेला दिला होता. पेटीवर 'सुभेदार नानासो यांजकडून सप्रेम भेट' अशी पांढरी अक्षरं होती, दारातूनही वाचता येतील अशी. चित्रं बाराच. विलायतेतला पूल, कुठलासा धबधबा, अंबारीचा हत्ती. शाळेत कुणी पाहुणा आला की नानासो हत्ती दाखवायला लावत. पाहुणा वाहवा करी, नानासो मिशीवरून हात फिरवत, आणि पोरं विसाव्यांदा तोच हत्ती बघत. रेशनचं रॉकेल असं त्या हत्तीपायी जळताना बघून मास्तरांच्या डोक्यात तिडीक जायची.

सेहेचाळीस सालच्या चैत्रात त्यांनी हत्ती बाजूला ठेवला. दोन कोऱ्या काचा घेतल्या. सायकलच्या ट्यूबचा तुकडा वाकवून त्यांच्या मध्ये बसवला, काचा तारेनं आवळल्या आणि त्या बोटभर जागेत नानासोंच्या विहिरीचं पाणी भरलं. भर दुपारी खिडक्यांवर घोंगडी टांगली. कंदील नानासोंचा, म्हणून नानासो पुढच्या खुर्चीत.

भिंत उजळली आणि पोरं किंचाळली. पाणी जिवंत होतं! बोटाच्या पेराएवढे किडे उड्या मारत होते, एकमेकांवर आदळत होते. कंदिलात सगळं उलटं दिसतं, त्यामुळे तळाशी बसणारा गाळ वर वर चालला होता. दिव्याची धग लागली तसे किडे आणखीच पिसाळले.

"नारूचं पिल्लू या किड्याच्या पोटात असतं," मास्तर सांगू लागले. "पाण्यात पाय सोडला की नारू पिल्लं सोडतो. हे किडे ती गिळतात. आणि हे किडे तुम्ही पिता. वर्षानं पायातून दोरा निघतो."

पण ऐकतंय कोण? "आरं गुंडा, त्यो बघ शिंगवाला! तुज्या पोटात हाय त्यो!" "तुज्या बाच्या पोटात!" सगळा वर्ग तमाशाला बसल्यासारखा खिदळत होता. मास्तरांच्या अंगावर काटा आला होता आणि पोरांना शिसारी म्हणून शिवत नव्हती. विजयमाला तेवढी हसत नव्हती.

"मास्तर, फडक्यानं गाळलं तर?"

"चौपदरी घडी कर. एकही खाली जाणार नाही."

घोंगडी उतरली. नानासो उठले. त्यांचा चेहरा हसरा होता, पण कान लाल झाले होते.

"मास्तर, त्ये किडं तुमच्या यंत्रातलं. आमच्या हिरीत न्हाईत. चार पिढ्या पितूय आमी." त्यांनी गड्याला खूण केली. मळ्यावरून गूळ आणि पाण्याचा तांब्या आलेलाच होता. "घ्या. लय बोललासा, घसा वाळला असंल."

गूळ-पाणी नाकारणं म्हणजे माणसाच्या तोंडावर थुंकणं. मास्तरांनी तांब्यात डोकावून पाहिलं. पाणी नितळ दिसत होतं. आपण नाही म्हटलं तर नानासो कंदील उद्याच घरी नेतील, मग पुन्हा कुणाला काय दाखवणार, असा हिशेब त्यांनी उभ्या उभ्या केला. तांब्या वर केला आणि गटागटा पाणी प्याले. बेचाळीस पोरं बघत होती. नानासो हसले, पोरंही हसली. त्या दिवशी घरी जाऊन मास्तरांनी मोरीत बोटं घशात घालून ओकायचा प्रयत्न केला, पण आलं काहीच नाही. उमाबाईंना त्यांनी पित्ताचं कारण सांगितलं.

पुढच्या चैत्रात त्यांच्या उजव्या घोट्यावर फोड आला.

"पण आपण तर उकळून पितो!" उमाबाई म्हणाल्या.

मास्तरांनी मान खाली घालून तांब्याची गोष्ट सांगितली. उमाबाईंनी चुलीवरचं उकळतं पाणी उतरवलं. मग म्हणाल्या, "तुम्ही? आणि तेही पोरांच्या देखत?" दोन दिवसांनी फोड फुटला. अंबूबाईनं काडी लावली. आपल्याच पायातून निघणारा तो ओला, पांढरा दोरा बघून मास्तरांना स्वतःच्या अंगाची घाण वाटली. त्या रात्री पानात शेवयांची खीर पडली, तर ते पानावरून उठले.

चौथ्या दिवशी ते काठी टेकत शाळेत गेले. विजयमाला लंगडत आत आली. तिच्या घोट्याला चिंधी होती आणि चिंधीतून काडी बाहेर आली होती.

"तू गाळत नव्हतीस?" मास्तरांचा आवाज चिरकला.

"गाळनार हुते की. त्याच दिशी आईचं जुनं लुगडं फाडून चौपदरी फडकं केलं. आई म्हनली, मास्तर सोता गाळून पितात व्हय? म्या सांगितलं, न्हाई, तसंच पिलं. मग आईनं फडकं भाकरी बांधायला घेतलं." ती काही तक्रार करत नव्हती. विचारलं तेवढं सांगत होती. तिच्या हातातली भाकरी त्याच फडक्यात होती.

मास्तरांना वाटलं, जमीन दुभंगावी. तेवढ्यात नानासो आले. मागं गडी, गड्याच्या हातात तांब्या.

"मास्तर, पायाचं ऐकलं. वाईट झालं. उद्या सांगलीचं पाव्हनं येत्यात, तेवढा हत्ती दावायचा बगा. घ्या, पानी घ्या."

मास्तरांनी तांब्या घेतला. "विजयमाला, भाकरी सोड. फडकं इकडं आण."

तिनं फडकं झटकून दिलं. मास्तरांनी चार पदर कोपऱ्यातल्या रिकाम्या लोट्याच्या तोंडावर धरले आणि पाणी ओतायला सुरुवात केली. बारीक धार पडत राहिली.

"माज्या पान्याला फडकं लावताय?" नानासोंचा आवाज चढला.

मास्तरांनी धोतर गुडघ्यापर्यंत ओढलं, चिंधी सोडली आणि पाय टेबलावर ठेवला. "हे तुमच्याच विहिरीचं, नानासो. गेल्या चैत्रात प्यालो होतो. हिलाही मीच पाजलं."

नानासोंनी पायाकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "कंदील मळ्यावर धाडून द्या."

"आत्ताच न्या."

गड्यानं पेटी डोक्यावर घेतली. पांढरी अक्षरं दारातून बाहेर गेली. मास्तर एवढे दिवस त्या पेटीला जपत आले होते, आणि आता त्यांनी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. त्यांनी फडकं उलगडून विजयमालेच्या हातात दिलं. ओल्या लुगड्यावर गाळ होता, आणि गाळात तीळभर पांढरे ठिपके. एकदोन अजून वळवळत होते.

फडकं बाकाबाकावरून फिरलं. कुणी खिदळलं नाही. गुंडानं ते दोन बोटांनी लांब धरलं. विजयमालेनं स्वतःच्या घोट्याकडे पाहिलं, मास्तरांच्या पायाकडे पाहिलं, पुन्हा त्या फडक्याकडे पाहिलं, आणि शिसारीनं तोंड वाकडं करून ती खिडकीबाहेर थुंकली.

एरवी मास्तरांनी छडी उचलली असती.